वाचक विचारतात : मणिभवन, पाहुण्याचं घर

गेल्या अंकात मी मुंबईतल्या घर-संग्रहालयांविषयी थोडंसं लिहिलं होतं, तेव्हापासून पत्रं येत आहेत. त्यांतली बरीचशी गावदेवीच्या मणिभवनाविषयी, म्हणजे तिथल्या गांधी-संग्रहालयाविषयी आहेत. मी गिरगावातल्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि आठवीनववीच्या मुलांना घेऊन या घरात पुष्कळदा गेले आहे, त्यामुळे या वेळचं पान बहुतांशी याच घराला देते.

आम्ही साताऱ्याचे. मे महिन्यात डोंबिवलीला लग्न आहे. ते उरकल्यावर मुंबईत एक सकाळ मोकळी मिळेल. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. मला त्यांना मणिभवन दाखवायचं आहे. आमचे हे म्हणतात, तिथे काचेमागे चरखा आणि भिंतीवर फोटो, अर्ध्या तासात बाहेर याल, त्यापेक्षा राणीची बाग बरी. काय करू?
— एक वाचक, सातारा

ताई, सकाळ मणिभवनालाच द्या. तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली नुसती बघायची म्हटली तर दोन मिनिटंही लागत नाहीत. काचेपलीकडे बैठक, बसकं मेज, चरखे. मुलं काचेला नाक लावतात, एक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. दोष मुलांचा नाही. काय बघायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आत शिरण्याआधी, फाटकाशीच त्यांना एक गोष्ट सांगा : हे घर गांधीजींचं नव्हतं. ते रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. गांधीजी इथे पाहुणे म्हणून उतरत. 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की त्यांचा मुक्काम बहुधा या घरी असे. रेवाशंकरभाई हे गांधीजींचे विलायतेतले स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांचे भाऊ. 1891 साली बॅरिस्टर होऊन गांधीजी विलायतेहून परतले तेव्हा डॉक्टरांनीच दोघांची गाठ घालून दिली, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. घर पाहुण्याचं आहे एवढं कळलं की मुलांना आपोआप प्रश्न पडतात. पाहुणा किती दिवस राहिला? त्याच्याकडे येणाऱ्यांना चहापाणी कोण करायचं? त्याच्या मागे पोलीस आले तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल? मी वर्गातल्या मुलांना हेच प्रश्न देत असे आणि उत्तरं घरातच शोधायला लावत असे.

काही उत्तरं मी तुम्हाला देऊन ठेवते.

पहिलं पिंजाऱ्याचं. गांधीजी आजारातून उठत होते, मुंबईत उपचार चालू होते आणि सूत कातण्याचा ध्यास लागला होता. चरखा मिळाला, पण पेळू, म्हणजे सूत काढायच्या कापसाच्या वळ्या, गिरणीचे. हाताने पिंजलेला कापूस मुंबईत आणायचा कुठून? रेवाशंकरभाईंच्या घरावरून रोज एक पिंजारी जायचा, गाद्यांसाठी कापूस पिंजणारा. त्याला बोलावलं. त्याने भाव चढा लावला आणि गांधीजींनी तो दिला. आत्मकथेत त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या खोलीत चरख्याची गुणगुण सुरू झाली आणि आपली प्रकृती सुधारण्यात तिचाही वाटा होता, असंही त्यांनी नोंदवलं आहे. आमच्या लहानपणी गिरगावच्या चाळींतून पिंजारी फिरायचा आणि त्याच्या धनुकलीचा टणत्कार चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. तुमच्या मुलांनी तो ऐकलेला नसणार. तेव्हा खोलीसमोर उभं राहिलात की त्यांना आधी खिडकीकडे बघायला लावा आणि मग चरख्याकडे. स्वदेशीच्या एवढ्या मोठ्या गोष्टीचा एक धागा खालच्या रस्त्यावरून, रोज जाणाऱ्या एका कारागिराच्या हातून वर आला, हे त्यांना तिथेच उमगेल.

त्या खोलीत कातायला शिकणाऱ्या बायकांत अवंतिकाबाई गोखले होत्या. तुमच्या मुलीला हे नाव मुद्दाम सांगा. 1917 साली चंपारणात शाळा चालवायला गेलेल्या, 1918 मध्ये हिंद महिला समाज काढणाऱ्या आणि त्याच वर्षी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या याच अवंतिकाबाई. त्या चरित्राला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. आज गिरगावात दहा जणांना विचारलं तर दोघांना तरी त्यांचं नाव ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरं उत्तर पत्त्याचं. 1919 च्या मार्चमध्ये, खटल्याशिवाय तुरुंगात टाकू देणारा रौलट कायदा झाला. 6 एप्रिलला मुंबईने हरताळ पाळला, माणसं चौपाटीवर जमली, समुद्रात स्नानं झाली. संध्याकाळी गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून बंदी घातलेली पुस्तकं विकायला निघाले. गांधीजींच्याच ‘हिंद स्वराज्य’ची किंमत चार आणे होती, पण लोक पाचाच्या, दहाच्या नोटा देत होते. एकाने तर एका प्रतीचे पन्नास रुपये दिल्याचं गांधीजींना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ‘सत्याग्रही’ नावाचं पत्रक निघालं. सरकारात नोंदणी न करता, कायदा उघडपणे मोडण्यासाठीच काढलेलं. किंमत एक पैसा. वाचकांना विनंती अशी की नक्कल करा आणि पुढे द्या. त्यावर संपादक म्हणून नाव मोहनदास करमचंद गांधी आणि पत्ता : लॅबर्नम रोड, गावदेवी, मुंबई.

इथे मी मुलांना थांबवून विचारत असे : हा पत्ता कुणाचा? बेकायदा पत्रकावर छापलेला पत्ता यजमानाच्या घराचा होता. जवाहिऱ्याचा धंदा, विश्वासावर चालणारा, सरकारदरबारी आणि पेढ्यांत नाव राखून असलेला माणूस. त्याने आपला पत्ता छापू दिला. शाळेच्या पुस्तकात या माणसाला अर्धी ओळही मिळत नाही. मणिभवन बघायचं ते माझ्या मते त्याच्यासाठीसुद्धा.

तिसरं थोडं जड आहे, पण आठवीतल्या मुलाला सांगण्याजोगं आहे. 17 नोव्हेंबर 1921 ला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. बहिष्कार पुकारलेला होता. स्वागताला गेलेल्या लोकांवर, पारशांवर, ख्रिस्त्यांवर हल्ले झाले, मग उलट हल्ले झाले, आणि त्या दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली. हल्ले करणाऱ्यांत गांधीजींचा जयजयकार करणारे होते. 19 तारखेला त्यांनी या घरात उपोषण सुरू केलं आणि शहर शांत झाल्यावर, 22 तारखेला, सगळ्या समाजांच्या प्रतिनिधींसमोर ते सोडलं. आपल्याच माणसांनी केलेल्या पापाचं ओझं स्वतःवर घेणारा पुढारी मुलांना दाखवायचा असेल तर ही खोली आहे. तिथे हलक्या आवाजात सांगा. इतर लोक असतात.

मग गच्ची. 1931 च्या डिसेंबरअखेर गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतले आणि याच घरी उतरले. इथेच काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली, कायदेभंग पुन्हा सुरू करायचं ठरलं. गच्चीवर त्यांच्यासाठी तंबू ठोकला होता. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे, अंधारातच, पोलीस वर आले. तो दिवस सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा. जे सांगायचं ते त्यांनी कागदावर लिहून सांगितलं. खटला नाही, सुनावणी नाही. 1827 सालच्या एका रेग्युलेशनचा आधार, आणि रवानगी येरवड्याला. जिन्याने वर जाताना मुलांना म्हणावं, पायऱ्या चढताना बुटांचा आवाज ऐका, त्या पहाटे घरातल्या माणसांनी असाच ऐकला असेल.

आता व्यवहाराचं. ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेला उतरा आणि नाना चौकातून चालत या. मे महिना आहे, तेव्हा दरवाजा उघडताना पोहोचा. मोठे गट यायच्या आधी थेट दुसऱ्या मजल्यावर जा, मग खाली उतरत या. पहिल्या मजल्यावरची छायाचित्रं आणि पत्रं मुलाला वाचू द्या. तळमजल्यावर 40 हजारांहून अधिक पुस्तकांचं ग्रंथालय आहे, तिथे शांतपणे बसता येतं. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या अंतरात ऑगस्ट क्रांती मैदान आहे. 8 ऑगस्ट 1942 चा ‘भारत छोडो’चा ठराव तिथला. त्याच गवालिया टँक भागात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 1885 च्या डिसेंबरात 72 प्रतिनिधींनी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवलं. उलट बाजूला उतरलात तर गिरगाव चौपाटी, जिथे ऑगस्ट 1920 मध्ये लोकमान्यांना अग्नी दिला. तिथे भेळ खा. राणीची बाग दुपारी उन्हं कलल्यावर.

सेवाग्रामची बापूकुटी मी लहानपणापासून बघत आले आहे. माती, कुडाच्या भिंती, तुळशी, शांतता. मुंबईच्या गजबजाटात मणिभवन बघून मला काही विशेष वाटलं नाही. गांधीजींचं खरं घर सेवाग्रामच, असं म्हणणं चूक आहे का?
— एक वाचक, वर्धा

चूक कसं म्हणू? सेवाग्राम त्यांनी निवडलं, 1936 पासून तिथे राहिले, कसं राहायचं ते तिथे जगून दाखवलं. बापूकुटीत गेलं की माणूस आपसूक आवाज खाली करतो. मणिभवनात तसं होणार नाही. खालून मोटारी जातात, शेजारच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या होतात, शाळेची सहल जिन्यावर धडधडत येते.

पण हा गजबजाट 1919 सालीही होता, आणि तो टाळायला गांधीजी इथे येत नसत. मुंबई ही कापडाच्या बाजाराची, गिरण्यांची, छापखान्यांची आणि पैशाची जागा. चळवळीला निधी लागला तो इथे उभा राहिला. परदेशी कापडावर बहिष्कार घालायचा तर तो मूळजी जेठा मार्केटच्या दारातच घालावा लागणार होता. आश्रमात विचार केला तरी तो शहराच्या माथी मारून चालत नाही, शहराला पटावा लागतो, आणि ते पटवण्याचं काम व्यापाऱ्याच्या घरातल्या एका खोलीत बसून चालायचं. दोन्ही घरं एकाच माणसाची दोन कामं दाखवतात. सेवाग्रामची शांतता मणिभवनात शोधलीत तर निराशाच पदरी पडेल.

पुन्हा आलात तर भिंतीवरचं एक पत्र बघा. 23 जुलै 1939 ला हिटलरला लिहिलेलं, युद्ध टाळा अशी विनंती करणारं, ‘प्रिय मित्र’ अशी सुरुवात असलेलं. त्यावर पत्ता आहे तुमच्या वर्ध्याचा. इंग्रज सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. मणिभवनातल्या त्या भिंतीसमोर उभं राहून वर्ध्याच्या माणसाला ‘काही विशेष वाटलं नाही’ असं होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधीजी यांची पहिली भेट मणिभवनात झाली असं वाचलं. मी एम.ए. करतोय. आमच्या घरात गांधीजींविषयी प्रेम नाही, हे मोकळेपणाने सांगतो. तरी ती जागा बघायची इच्छा आहे. जावं का?
— एक विद्यार्थी, पनवेल

जरूर जा. तुमच्या घरातलं मत बाहेर ठेवून जायची काही गरज नाही. ते घेऊनच जा.

तारीख 14 ऑगस्ट 1931. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब ‘मुलतान’ बोटीने गोलमेज परिषदेला निघायचे होते. काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते दुपारी मणिभवनाचा जिना चढले. गांधीजींना तेव्हा बाबासाहेब स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत हेही ठाऊक नव्हतं. अस्पृश्यांची कळकळ असणारा कुणी ब्राह्मण असावा, असा त्यांचा समज होता. देशातल्या सगळ्यांत मोठ्या पुढाऱ्याला हे ठाऊक नसावं, ही गोष्ट आपल्याला आज टोचते आणि टोचायलाच हवी. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 मध्येच होऊन गेला होता. बोलणं ताणलेलं झालं. काँग्रेसने अस्पृश्यता निवारणावर किती खर्च केला ते गांधीजी सांगत होते. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, ‘गांधीजी, मला मातृभूमी नाही.’ जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणू, असं त्यांचं म्हणणं.

तेरा महिन्यांनी, 24 सप्टेंबर 1932 ला, येरवड्यात पुणे करार झाला. त्यावर तुमचं जे मत असेल ते असो. मणिभवनात उभं राहिलात की एक गोष्ट लक्षात घ्या : त्या दुपारी बाबासाहेब त्या घरी पाहुणा म्हणून गेले होते, आणि पाहुण्याकडे आलेल्या पाहुण्याने त्या खोलीत बसून देशाच्या सगळ्यांत मोठ्या माणसाला त्याच्या तोंडावर खरं सांगितलं. माझ्या दृष्टीने त्या घरात उच्चारल्या गेलेल्या वाक्यांत ते वाक्य सगळ्यांत मोठं आहे. मी वर्गाला नेत असे तेव्हा ते मुलांना खोलीच्या दाराशी मोठ्याने म्हणायला लावत असे. एखाद्या पालकाला ते आवडायचं नाही. त्यांना मी सांगे, घर तेवढं मोठं आहे.

त्याच दिवशी दादरला हिंदू कॉलनीत जाऊन राजगृह बघा. बाबासाहेबांनी ते बांधलं ते आधी पुस्तकांसाठी आणि मग माणसांसाठी, असंच म्हणावं लागतं. रमाबाईंनी 27 मे 1935 ला त्याच घरात डोळे मिटले. तळमजल्यावर स्मारक आहे, वरच्या मजल्यांवर कुटुंबाचा वावर आहे, तेव्हा घरच्यांचा मान ठेवून बघा. सकाळी पाहुण्याचं घर आणि दुपारी स्वतःच्या कष्टाने उभं केलेलं घर, या क्रमाने बघाल तर प्रबंधाचा एखादा विषयही सापडून जाईल. सापडला तर मला जरूर कळवा.

मणिभवनात बाहुल्यांचे देखावे आहेत. गांधीजींचं आयुष्य असं खेळण्यांत दाखवणं मला पोरकट वाटतं. तुमचं मत?
— एक वाचक, ठाणे

माझं मत उलटं आहे. सुशीला गोखले-पटेल यांच्या कल्पनेतून घडलेले ते 28 देखावे मला त्या घरातल्या मोलाच्या वस्तूंपैकी वाटतात. जन्मापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळं एका ओळीत, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वाचता न येणारं पोर आणि कुठलीच भारतीय भाषा न येणारा परदेशी माणूस, दोघंही त्यांच्यापुढे सारख्याच वेळ थांबतात. पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर सामानासह उतरवलेला तरुण वकील बघून पाचवीतली मुलगी विचारते, ‘त्यांच्याकडे तिकीट नव्हतं का?’ तिकीट होतं, पहिल्या वर्गाचं होतं, हे तिला सांगितलं की पुढचा धडा शिकवावाच लागत नाही. आजकाल पडदे आणि दिवे लावून संग्रहालयं सजवतात, तीही चांगली असतील. पण हाताने घडवलेल्या या वितीएवढ्या माणसांत कुणाची तरी निष्ठा दिसते. ते देखावे तसेच राहावेत, असं मला वाटतं.

वय 74, दोन्ही गुडघे गेलेले. जिने चढवत नाहीत. जाण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, बोरिवली

आहे. जुनं घर म्हटलं की जिने आलेच. आधी फोन करून तुमची अडचण सांगा, काय सोय होऊ शकते ते विचारा. नाहीच जमलं तर तळमजल्यावर ग्रंथालय आहे. बरोबर नातवंड असेल तर त्याला वर पाठवा आणि खाली आल्यावर काय पाहिलं ते त्याच्याकडून ऐका. मार्टिन ल्यूथर किंग 1959 साली भारतात आले तेव्हा या घरी मुक्कामाला राहिले होते. गांधीजी जिथे झोपत त्या घरात झोपायला मिळालं याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं. सांगायचं एवढंच, की या घरात नुसतं थोडा वेळ असणंही पुष्कळांना पुरेसं वाटलं आहे.

मुलाकडे लंडनला चालले आहे. तिथलं आंबेडकरांचं घर निवासी वस्तीत आहे म्हणे. आत जाता येतं का, की बाहेरूनच बघायचं?
— एक वाचक, नागपूर

10, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. निवासी घर संग्रहालय म्हणून वापरण्याला स्थानिक कौन्सिलचा विरोध होता. बरेच दिवस वाद चालला आणि 2020 मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा आत जाता येतं, पण वेळा आधी बघून घ्या, आणि शेजार राहतं आहे हे लक्षात ठेवून मोठा घोळका करून फुटपाथवर घोषणा देणं टाळा. स्मारक तिथे टिकायचं तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहायला हवेत. मुलाला बरोबर न्या. घरापासून दूर खोली घेऊन शिकणाऱ्या माणसाचं ते घर आहे, त्याला ते तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

माझे आजोबा 1930 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. त्यांची टकळी, खादीचा एक सदरा आणि तुरुंगातून आजीला लिहिलेली दोन पत्रं घरात आहेत. भाऊ म्हणतो, पत्रं लॅमिनेट करून फ्रेम लावू. बायको म्हणते, मणिभवनासारख्या संग्रहालयाला देऊन टाकू. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, चिपळूण

आज भावाला थांबवा. लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदाला चिकटतं ते कायमचं, आणि मग जाणकारालाही ते सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. टाचणी, क्लिप, स्टेपल लावलेली असेल तर अलगद काढा, कारण कोकणच्या हवेत ती गंजणार आणि डाग पडणार. पत्राची घडी उलगडायला जोर लागत असेल तर उलगडू नका, त्यातल्या जाणकाराला दाखवा. उलगडत असेल तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते निदान दोन ठिकाणी साठवा. फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावायचं असेल तर फोटोची छापील प्रत लावा. मूळ पत्र उजेडात राहिलं की शाई उडते. मूळ पत्रं आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, लोखंडी कपाटात ठेवा. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना, एवढं बघा. सदरा धुतलेल्या, रंग नसलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, म्हणजे जुन्या घडीवर तो फाटणार नाही. टकळीला तेल, पॉलिश काही लावू नका.

आता द्यायचं की नाही. द्यायचं ठरवलंत तर संस्थेला आधी पत्र लिहा आणि विचारा : वस्तू मांडणार की साठवणार, कुटुंबाला बघायला मिळेल का, मागाहून परत मागता येईल का. बहुतेक ठिकाणी परत मागता येत नाही, तेव्हा सगळ्या भावंडांची संमती लेखी घ्या आणि वस्तू दिल्यावर तपशीलवार पावती घ्या. संस्था ‘नको’ म्हणाली तरी अपमान मानू नका. त्यांच्याकडे जागा मोजकी असते, आणि टकळ्या, चरखे त्यांना पुष्कळ येतात. पत्रांचं तसं नाही. तुरुंगातून आजीला लिहिलेलं पत्र दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यात सासूसासऱ्यांची, गाईची, घरपट्टीची चौकशी असेल, आणि ज्या घरात ते पोहोचलं त्या घराने त्या वर्षी काय सोसलं ते त्यातूनच कळणार आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या वाचनालयाला किंवा स्थानिक संग्रहालयाला ती मणिभवनापेक्षा जास्त उपयोगी पडतील, असं मला वाटतं, कारण तिथे ती वाचणारा माणूस तुमच्या गावाची नावं ओळखेल.

काहीही करा, पण आधी एक काम करा. घरात आजीला पाहिलेलं जे कुणी वडीलधारं माणूस आहे, आत्या असेल, काका असेल, त्यांच्याजवळ बसून आजोबा तुरुंगात असताना आजीने घर कसं चालवलं ते विचारा आणि लिहून काढा. तारीख घाला, सांगणाऱ्याचं नाव घाला, सही घ्या. तो कागद पत्रांबरोबर त्याच पाकिटात ठेवा. आणि त्याची एक प्रत मला पाठवलीत तर पुढच्या अंकात, तुमची परवानगी असेल तर, या पानावर छापीन.